जादूची वस्तू घेताना-विकताना तुमच्या टेबलावर काय घडलं?

गेल्या रविवारी आमच्या डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) सेशनचे दोन तास एका तलवारीच्या सौद्यात गेले. ड्रॅगनच्या गुहेपर्यंत पोचलोच नाही, तरी निघताना जिन्यात सगळे त्या दुकानवाल्या आजीबद्दलच बोलत होते. म्हणून हा धागा काढतोय. डी अँड डी, पाथफाइंडर किंवा असाच दुसरा खेळ, जे खेळत असाल त्यातला अनुभव लिहा. नियमांची कुठली आवृत्ती, काय भाव, पुढे काय झालं, एवढं जरूर सांगा.

माझ्यापासून सुरुवात. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि दुकानवाल्या आजीसारखी बाकीची पात्रं रंगवणारा. डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'रेअर' (दुर्मिळ) वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० सोन्याची नाणी, एवढंच दिलंय. मधला आकडा डीएमने ठरवायचा. मी +२ (फाशावर दोन जास्त देणाऱ्या) तलवारीचे ४,००० सांगितले, पार्टीकडे, म्हणजे खेळाडूंच्या चमूकडे, २,६०० निघाले. खूप घासाघीस झाली. शेवटी आजी म्हणाली, "उरलेले पैसे नकोत. नातू खाणीत उतरला तो वर आलेला नाही. त्याला शोधून आणा." हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. १,४०० नाणी कमी पडली म्हणून सुचलं, आणि आता पुढचे दोन-तीन रविवार खाणीतच जाणार.

पुणे, खेळाडू

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत भाव पक्के होते. शस्त्राच्या 'प्लस'चा वर्ग करायचा आणि २,००० ने गुणायचं. +१ चे २,०००, +२ चे ८,०००, +३ चे १८,०००. विकायला गेलं की निम्मे हातात. याने जादूचं किराणा दुकान होतं असं लोक म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. होस्टेलवर आमची हिशेबाची वही होती. जखमा भरणारी साधी कांडी ७५० ला मिळे आणि ५० वेळा चाले, म्हणजे एका वेळेचे १५ पडत. तेच काम एकदा करणारं पोशन (जादूचं औषध) ५० ला. हे ज्याने शोधून काढलं त्याला आम्ही पार्टीचा खजिनदार केलं. शिवाय वस्तीच्या आकाराप्रमाणे मर्यादा होती. खेड्यात २०० नाण्यांवरची वस्तू मिळत नसे, महानगरात १,००,००० पर्यंतची मिळे. मोठं काही हवं तर शहराची वाट धरायची. आमची सगळ्यात चांगली साहसं त्या वाटेवर झाली.

न्यू जर्सी

मी १९७९ च्या डीएम गाईडवर (डीएमसाठीचं नियमांचं पुस्तक) शिकले. तेव्हा +१ तलवार ठेवली तर ४०० अनुभव-गुण (ते साठले की पात्राची लेव्हल वाढते), विकली तर २,००० नाणी आणि तितकेच गुण. माझी फायटर (लढवय्यी) पुढच्या लेव्हलच्या उंबरठ्यावर होती. विकली, लेव्हल मिळाली. पुढच्याच गुहेत गार्गॉयल हा राक्षस भेटला. साध्या शस्त्राने त्याला जखम होत नाही. आम्ही पळालो, आमचा चोर मागे राहिला.

ठाणे, खेळाडू

जरा लांबेल, पण सांगायचंच आहे. आमच्या मैत्रिणीचं कॅरेक्टर दलदलीत मेलं आणि महिन्याभरात ती नोकरीसाठी परदेशी गेली. तिची 'फ्लेम टंग' तलवार पार्टीकडे राहिली. हुकुमाचा शब्द उच्चारला की पातं पेटतं. तिने शब्द ठेवला होता 'पेट'. आमच्यात ती वापरणारं कुणी नव्हतं, होडी घ्यायला पैसे हवे होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गिऱ्हाईक शोधायला इन्व्हेस्टिगेशनच्या (शोध घेण्याच्या कौशल्याच्या) फाशावर २० लागतात, मग शंभराचा फासा, त्यात पर्सुएशन (पटवण्याचं कौशल्य) मिळवायचं. ९१ किंवा त्याहून जास्त आले की एक संशयास्पद माणूस दीडपट देतो आणि काही विचारत नाही. आमचे ९६ आले. ३,००० ची तलवार ४,५०० ला गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चार सेशननंतर नदीकाठच्या गावावर हल्ला झाला. हल्लेखोरांच्या म्होरक्याने तलवार उपसली आणि डीएम शांतपणे म्हणाला, "पेट." टेबलावर कुणी बोललं नाही. सौदा करताना तो शब्द त्या माणसाला आम्हीच सांगितला होता.

तलवार परत मिळवायला आम्हाला दीड महिना लागला. आता ती कुणी वापरत नाही आणि विकायचा विषयही निघत नाही. मैत्रीण सुट्टीत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने तलवारीचं कार्ड मागून घेतलं आणि सोबत नेलं.

कोल्हापूर, डीएम

पाचव्या आवृत्तीच्या २०२४ च्या पुस्तकात वस्तू किती दुर्मिळ त्याप्रमाणे एकेकच आकडा आहे: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजंडरी २,००,०००. एकदा वापरून संपणारी वस्तू निम्म्यात. माझा वेळ वाचतो. वरचा ठाण्याचा अनुभव वाचून मात्र गिऱ्हाईक कोण हे मी यापुढे दर वेळी ठरवणार.

बंगळुरू

दुकानं असावीत की नाही, हे जगावर ठरतं. आम्ही डी अँड डीच्या २००४ पासूनच्या एबेरॉन नावाच्या जगात खेळतो. तिथे विजेवर धावणारी रेल्वे आहे, जादूच्या वस्तू घडवणारं हाउस कॅनिथ नावाचं घराणं आहे. तिथे दुकान नसतं तरच खटकलं असतं.

नाशिक, डीएम

बारा वर्षांची भाची पहिल्यांदा खेळायला बसली. सगळी मिळून ५३ नाणी. हीलिंग पोशन ५० ला, चार बाजूंचे दोन फासे अधिक २ एवढे हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत देणारं. तिने ते घेतलं आणि थेट वेशीवरच्या जखमी पहारेकऱ्याकडे गेली. त्याला मी नावही दिलेलं नव्हतं. फासे तिनेच टाकले, दोन्ही चार. मग तिने विचारलं, "मामा, याचं नाव काय?"