मदत हवी आहे: ओपन सोर्स टीमसाठी कोणतं टूल घ्यावं?

मंडळी, आमच्या ओपन सोर्स (म्हणजे सगळ्यांना खुला कोड असलेल्या) प्रोजेक्टवर सगळे फावल्या वेळात, वेगवेगळ्या टाइमझोनमधून काम करतात. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे, इश्यूही (नोंदवलेल्या चुका आणि कामं) तिथेच. पण कोणीतरी 'मी घेतो' अशी कमेंट टाकतं आणि गायब होतं. तो इश्यू अडकून राहतो, नवीन माणूस त्याला हात लावायला कचरतो.

कोण काय करतंय ते दिसायला गिटहब प्रोजेक्ट्सचा बोर्ड पुरेल, की टायगा किंवा ओपनप्रोजेक्ट यांसारखं कामांचा माग ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकावं? ही दोन्ही ओपन सोर्स आहेत, हे मला मोलाचं वाटतं. पण अपडेट, बॅकअप कोण बघणार? शिवाय वेगळं लॉगिन आलं की भाषांतर आणि डॉक्युमेंटेशन करणारे लोक गळतात, आणि नेमके तेच मला गमवायचे नाहीत.

अडकलेले इश्यू तुम्ही किती दिवसांनी मोकळे करता, तेही सांगा.