उल्कावर्षाव नक्की कधी आणि कसा बघायचा? तासभर थांबून एकच दिसली

रातकिडा
मंडळी, डिसेंबरमधला मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला 2024 ला जागलो होतो. सगळीकडे वाचलं की तासाला 120 च्या वर उल्का दिसतात, आणि मी नऊ ते दहा मान दुखेपर्यंत वर बघून एकच दिसली, तीही डोळ्याच्या कोपऱ्यातून. यंदा लेकीला दाखवायचीय, तिला कबूल करून बसलोय. दुर्बीण घेऊ का? आणि बघायचं कुठे?

पुनर्वसु
दुर्बीण अजिबात नको, त्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि उल्का तर कुठूनही जाते. 2024 ला 15 डिसेंबरला पौर्णिमा होती, म्हणजे तुम्ही जवळजवळ पूर्ण चंद्राच्या उजेडात बघत होतात, बारीक उल्का त्यात गेल्याच. शिवाय नऊला मिथुन रास अजून पूर्वेला खालीच असते, उत्तर गोलार्धात ती रात्री दोनच्या आसपास सगळ्यात वर येते, तेव्हा खरी मजा. आणि तो 120 चा आकडा म्हणजे आभाळ एकदम काळंकुट्ट आणि उगमबिंदू (उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा) बरोब्बर डोक्यावर असं धरून काढलेला असतो. गावाबाहेर अंधारात तासाला 40-50 दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली समजा.

13 ची रात्र, 14 ची पहाट धरा. 2026 ला अमावस्या 9 डिसेंबरला आहे त्यामुळे कोर लवकर मावळेल, उत्तररात्र पूर्ण अंधारी.

सतरंजी
वरच्यांशी सहमत, फक्त एक अजून, उभं राहू नका हो! सतरंजी टाकून आडवे व्हा, पांघरूण घ्या. आणि मोबाईल खिशातच ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगते. डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि स्क्रीनकडे एकदा बघितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी एकदा नुसती वेळ बघायला मोबाईल काढला आणि तेवढ्यात बाजूचे सगळे ओरडले, मी वर बघेपर्यंत नुसती विरत चाललेली रेघ राहिली होती. टॉर्च लागलाच तर लाल जिलेटीन गुंडाळा.

मिथुनेकडेच टक लावू नका, तिथल्या उल्का आखूड दिसतात. थोडं बाजूला, जिथे जास्त अंधार तिकडे बघा, तिथे लांबलचक रेघा मिळतात. दिसलेली रेघ मनात उलटी मागे नेली आणि ती मिथुनेतल्या पुनर्वसू नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांच्या जोडीपाशी पोचली तर ती याच वर्षावातली.

रातकिडा
चंद्राचं डोक्यातच आलं नव्हतं! पण मध्यरात्रीनंतर जास्त का दिसतात?

पुनर्वसु
पावसात पळताना छाती भिजते, पाठ त्यामानाने कोरडी राहते ना, तसंच. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला येतो आणि जी धूळ जळून उल्का दिसतात ती समोरून येते. ही धूळ फेथॉनची, 1983 ला सापडलेला लघुग्रह, बाकी बहुतेक वर्षाव धूमकेतूंचे असतात. लेकीसाठी हाच वर्षाव चांगला, कारण या उल्का सेकंदाला 35 किमीने येतात, ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहातल्या वर्षावाच्या 59 ने. त्यामुळे "ती बघ" म्हणेपर्यंत कधीकधी दिसत राहते.

रातकिडा
ठरलं मग, तिला आठलाच झोपवतो आणि एकचा गजर लावतो. मोबाईल घरीच.