विभागाला देणगी द्या, पण हॉलला नाव कशाला?

पेठकर: जून २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेला, म्हणजे जुन्या यूडीसीटीला, १५१ कोटी दिले, प्रा. एम. एम. शर्मांची गुरुदक्षिणा म्हणून, तेही विनाअट. तेव्हापासून आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टूम निघालीय: वर्गणी काढू आणि विभागाच्या सेमिनार हॉलला बॅचचं नाव देऊ. मला पटत नाही. सरकारी विद्यापीठाचा विभाग सरकारने चालवावा. आज हॉलला नाव, उद्या अभ्यासक्रमात काय हवं तेही देणगीदारच सांगणार.

फोर्टवाला: नावाचं एवढं वावडं असेल तर मुंबई विद्यापीठाकडे बघायलाच नको. मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख दिले, नाव आईचं, राजाबाई. शेजारच्या पदवीदान सभागृहाला कावसजी जहांगीरांचं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले, तर अख्ख्या विद्यापीठालाच त्यांच्या आईचं नाव लागलं. बायकांच्या शिक्षणाचं काही बिघडलं का त्यानं?

पेठकर: तेव्हा सरकार परक्याचं होतं. आता आपण कर भरतो.

लॅबमधली: दोघंही नावावर अडलात. मी जिथे पीएचडी केली तिथे (विद्यापीठ सांगत नाही) हॉलच्या दाराशी संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं. दोन दारं सोडून एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, प्लास्टिकखाली झाकलेलं. तेही देणगीतलंच. उद्घाटनाला फोटो झाले, वॉरंटी संपली, एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभाल कराराला, पैसे नाहीत. कॉलम आणि सॉल्व्हंट आम्ही मागून-सवरून आणायचो. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट' अशी पाटी कोण लावणार? नाव खुशाल द्या, पण देखभालीची ठेव सोबत नसेल तर विभागाने देणगी घेऊच नये.

फोर्टवाला: ठेवींचं काय होतं तेही बघा. पूर्वी सुवर्णपदकासाठी ठेवी ठेवल्या, त्यातल्या कित्येकांच्या व्याजात आता सोन्याचं पाणी दिलेलं पदकच बसतं.

लॅबमधली: कारण सगळं व्याज दरवर्षी खर्चून टाकतात. थोडं मुद्दलात परत घालायचं, हे करारातच लिहून घ्या. आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यात जाणार, तेव्हा कुठल्या विभागाच्या कुठल्या कामासाठी तेही. नाहीतर प्रत्येक बिलाची फाइल घेऊन विभागप्रमुख वित्त विभागाच्या दारात उभे.

फोर्टवाला: हे मान्य. पण निव्वळ देखभालीसाठी वर्गणी काढून दाखवा. नावाशिवाय कुणी खिशात हात घालत नाही.

पेठकर: मला भीती नेमकी देखभालीच्याच पैशाची आहे. हॉल एकदा बांधला की संपलं. एएमसी आपण भरायला लागलो की सरकार ती कायमची आपल्याच गळ्यात घालणार. प्राध्यापकांच्या रिक्त जागांचं तेच झालं ना? तासिका तत्त्वावर भागतंय, मग भरती कशाला! मी वर्गणी देणार नाही. निवेदन काढा, सही पहिली माझी.