पॅडल शिफ्टर की गिअर लिव्हर?

प्रश्न: ऑटोमॅटिक गाडीच्या मॅन्युअल मोडमध्ये (म्हणजे गिअर आपणच बदलताना) स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल खरोखर उपयोगी पडतात, की लिव्हरच बरा?

उत्तर १: लांब उतारावर पॅडलला तोड नाही. स्टिअरिंगवरचे हात न काढता डावे पॅडल ओढले की गिअर एकाने खाली येतो, इंजिनच गाडीचा वेग आवरते आणि ब्रेक फारसे तापत नाहीत.

उत्तर २: मान्य, मात्र पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरणारे असतील, तर तीव्र वळणात डावे-उजवे चाचपत बसावे लागते, आणि तेथे जागा न सोडणारा लिव्हरच मला भरवशाचा वाटतो. लिव्हर मागे ओढल्यावर गिअर वाढतो की उतरतो, हे मात्र आधी पाहून घ्यावे. सगळ्या गाड्यांत ते सारखे नसते.

उत्तर ३: वळणात शिरण्यापूर्वीच गिअर उतरवला, तर ही अडचण सहसा येत नाही. फेरारीने १९८९ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पॅडल आणले, तेव्हा हात स्टिअरिंगवरच राहणे हाच मोठा फायदा होता.