तोझ (धुळीचं वादळ) थांबलं, आता घरातल्या हवेचं काय करू? लेकाला दमा आहे (कुवेत)

सालमियाची_आई: नमस्कार मंडळी, काल दुपारी तोझ सुटलं ते आज पहाटे थांबलं, आकाश नुसतं नारिंगी झालेलं, समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. खिडक्या सगळ्या बंद होत्या तरी सकाळी बघते तर ओट्यावर, टीव्हीवर, कपाटातल्या ताटांवरसुद्धा पिठासारखा थर. मुलगा सहा वर्षांचा, दम्याचा त्रास आहे, रात्रभर खोकत होता, आणि सासूबाई पण पुण्याहून आल्यात. मला वाटतंय सगळं उघडून पंखे लावून एकदाचं घर झाडून काढावं, पण हे म्हणतात थांब. एसी चालू ठेवू का बंद? प्युरिफायर घ्यावा का?

मंगाफकर: ताई झाडू अजिबात हातात घेऊ नका! २०२२ च्या मे महिन्यात लागोपाठ वादळं आली होती, विमानतळ पण काही वेळ बंद ठेवलेला, तेव्हा आम्ही हेच केलं आणि वादळात नाही तेवढा खोकला झाडल्यावर सुरू झाला. जाड धूळ काही तासांत खाली बसते, ती आपणच उडवतो परत, आणि एकदम बारीक कण असतात ते तसेही तरंगत राहतात आणि फुप्फुसात खोल जातात. ओलं फडकं घ्या, वरून खाली पुसत या, पाणी सारखं बदला, लादी सगळ्यात शेवटी. व्हॅक्यूमला हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर नसेल तर तो पण नको, पुढून ओढतो आणि बारीक धूळ मागून सोडतो. पुसताना तुम्ही एन-९५ लावा, मुलगा आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत, दार लावून. खिडक्या आत्ताच नको, बाहेर स्वच्छ दिसलं तरी पीएम १० चा (हवेतल्या बारीक धुळीचा) आकडा बघा, तो खाली आला की मग उघडा.

फहाहील_दादा: एसीचं मी सांगतो, याच कामात आहे. स्प्लिट असेल तर तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही, पण आधी बंद करून जाळी धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. विंडो एसी असेल तर व्हेंटची कळ बंदवर. सेंट्रल असेल तर हारिसला (बिल्डिंगच्या रखवालदाराला) गाठा आणि फिल्टर बदलून घ्या. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही, बाथरूम आणि किचनचा एक्झॉस्ट! तो हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा खिडकीच्या फटींतून आत येते, धुळीसकट. वादळात तो बंदच पाहिजे, फटींना ओला टॉवेल लावायचा. एक्झॉस्ट बंद म्हणजे त्या दिवशी खमंग फोडणी, तळण नाही, वरणभात करा. सासूबाईंना अगरबत्ती, धूप पण दोन दिवस नको म्हणून सांगा, देव समजून घेतो.

नर्सताई: मी इथे नर्स आहे. मुलाचा इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला लावायची नळी) हाताशी ठेवा, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसंच द्या, मनाने डोस वाढवू नका. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा इन्हेलर देऊनही धाप कमी होत नसेल तर वाट बघू नका, लगेच ११२ (आपत्कालीन नंबर) लावा.

प्युरिफायर घ्याच, पण सगळ्या घरासाठी नाही, मुलाच्या खोलीपुरता. बारा बाय बारा फुटांच्या खोलीला सीएडीआर (मशीन किती हवा स्वच्छ करून देतं तो आकडा) ताशी साधारण १६५ घनमीटर तरी हवा, जास्त असला तर उत्तमच. खरा हेपा बघा, ओझोन सोडणारं मशीन नको, ओझोनने दमा वाढतो.

सालमियाची_आई: खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 स्प्लिटच आहे, जाळी काढली तर अक्षरशः मातीचा लेप. एक्झॉस्ट मात्र काल रात्रभर चालू होता, मीच लावलेला, हवा खेळती राहावी म्हणून. बंद केला आता. मुलाची खोली ओल्या फडक्याने पुसून झाली, इन्हेलर दिला, जरा झोपलाय. पडद्यांचं काय करू, गॅलरीत नेऊन झटकू?

मंगाफकर: झटकू नका ताई! जागेवरच हळूच काढा, आतल्या बाजूला गुंडाळा आणि थेट मशीनमध्ये टाका. त्याच्या उशीचा अभ्रा आणि पांघरूण पण त्यातच.