प्रसादाच्या रांगेत कंबरेला पिस्तूल: हॉलवर ‘नको’ म्हणता येतं का?

मोदकवाला (ह्यूस्टन)
मंडळी, यंदा मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. (बायकोच्या मते हे शेवटचं वर्ष.) रविवारी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ उभे. छान रेशमी झब्बा, त्यावर पट्टा आणि पट्ट्याला उघडं दिसणारं पिस्तूल. माझ्या हातात ताट. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून दोन मोदक जास्तीचे वाढले! मग तिघी आयांनी मला कोपऱ्यात गाठलं. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून परवाना नसला तरी पिस्तूल बाळगता येतं, हे ठाऊक आहे. पण भाड्याच्या हॉलमध्ये आपलं काही चालतं का?

कट्टेकरी_ऑस्टिन
चालतं. जागा खाजगी आहे ना? दारावर पाट्या लावा. पण एका पाटीत भागत नाही. टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं तीन, म्हणून पाट्याही तीन: ३०.०५ विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०६ परवाना असून लपवून बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०७ परवाना असून उघड लावणाऱ्यांसाठी. शेवटच्या दोन्हींचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिलाय, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच. सुवाच्य मराठीत ‘शस्त्रे बाहेर ठेवावीत’ लिहून उपयोग नाही. तोंडी सांगितलं तरी पुरतं. सांगूनही माणूस हलला नाही तर गुन्हा. आधी हॉलमालकाला मात्र विचारा. गेल्या वर्षी कुठे होतात?

मोदकवाला
शाळेच्या सभागृहात.

कट्टेकरी_ऑस्टिन
म्हणून प्रश्न आला नाही. शाळेच्या इमारतीत परवानावाल्यालाही बंदी आहे.

रात्रपाळी
माझ्याकडे आहे पिस्तूल, परवानाही आहे. पंप रात्री बंद करून गल्ला घेऊन निघतो, कारण विचारू नका. पण देवाला येताना ते गाडीतल्या पेटीत कुलूपबंद. आणि एच-१बीवाल्या (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या) पोरांनो, मित्राचं बघून हुरळू नका. राज्य काहीही म्हणो, फेडरल कायद्याने तुम्हाला जवळ बाळगायलाही मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडेच अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं.

जर्सीकर
तो टेक्सासचा परवाना घेऊन आमच्या न्यू जर्सीत येऊ नका हं, इथे चालत नाही. शेजारच्या न्यूयॉर्कात तर परवान्यासाठी ‘खास कारण दाखवा’ ही जुनी अट होती. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवल्यावर राज्याने बंदीच्या जागांची यादीच काढली, टाइम्स स्क्वेअरसकट. तुम्ही तीन पाट्यांना काय घाबरता?

मोदकवाला
पाट्यांना नाही हो, माणसाला घाबरलो. असो. हॉलमालकाकडे पाट्या अडगळीत पडलेल्याच होत्या, शनिवारी लावल्या. त्याआधी त्या गृहस्थांना फोन केला. चार वेळा ‘राग मानू नका’ म्हणालो. ते म्हणाले, “अहो, रविवारीच सांगायचंत की! मला वाटलं, मोदक उरलेत.” विसर्जनाला ताशासाठी नाव दिलंय त्यांनी.