घरगुती एगलेस केकला नात्याबाहेरचे गिऱ्हाईक कसे मिळवावे?

वडगावची पिठीसाखर:
नमस्कार. मी बेळगावात वडगाव येथे राहते आणि गेल्या दिवाळीपासून घरीच एगलेस केक करून विकते. महिन्याला आठ-दहा ऑर्डरी येतात, परंतु त्या जवळपास सगळ्या माहेर-सासरच्या नात्यातल्या असतात आणि त्यांतले निम्मे लोक ‘तू तर घरचीच’ म्हणत भाव पाडून मागतात. इन्स्टाग्रामवर फोटो नियमित टाकते, पण ‘किती सुरेख’ असे लिहिणाऱ्या बहुतेक बायका पुण्या-मुंबईच्या निघतात, आणि त्यांच्यापर्यंत केक पोहोचवणे मला शक्य नाही. अर्ध्या किलोच्या साध्या व्हॅनिला केकचे मी ३५० रुपये घेते. कोपऱ्यावरची बेकरी तोच केक पुष्कळ स्वस्त देते. मी भाव उतरवावा, जाहिरातीवर पैसे घालावेत, की एखाद्या दुकानात केक ठेवायला द्यावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

अनगोळच्या काकू:
भाव मुळीच उतरवू नका. बेकरीवाला एका घाण्यात डझनावारी स्पंज काढतो आणि तुम्ही ओव्हन तापवता तो एका केकसाठी, त्यामुळे स्वस्ताईत त्याला गाठणे तुम्हाला कधीच जमणार नाही. उलट, सामानाच्या खर्चात वीज, खोका, केकखालचा पुठ्ठा आणि पोहोचवण्याचे पेट्रोल धरले आहे का, ते एकदा वहीत मांडून पाहा. मी पहिले वर्षभर पेट्रोल धरलेच नव्हते.

आता गिऱ्हाइकाविषयी. मला नवे गिऱ्हाईक मिळाले ते नेहमी दुसऱ्याच्या वाढदिवसात मिळाले. केक कापताना भोवती वीस-पंचवीस माणसे उभी असतात. त्यांनी तुमचा केक पाहिलेला असतो, खाल्लेला असतो, आणि ती बहुधा त्याच गल्लीत किंवा दोन गल्ल्या पलीकडे राहणारी असतात. त्यांच्यापर्यंत तुमचा नंबर पोहोचतो का, एवढेच पाहायचे. मी सुरुवातीला खोक्यावर मोठा रंगीत स्टिकर लावत असे आणि त्याचा मला फार अभिमान होता. एकदा शहापुरात एका बारशाला मी स्वतःच पाहुणी म्हणून गेले, तेव्हा लक्षात आले की पाहुणे जमण्याच्या आधीच खोका स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहिला होता. शेवटचा तुकडा संपेपर्यंत टेबलावर राहतो तो केकखालचा पुठ्ठा. तेव्हापासून पुठ्ठा केकपेक्षा दोन इंच मोठा घेते आणि त्याच्या कडेला नाव, नंबर आणि ‘एगलेस’ हा शब्द एवढेच चिकटवते. लोक मोबाईलवर केकचा फोटो काढतात, त्यात नंबरही आपोआप येतो.

दुसरी गोष्ट वहीची आहे. मुलाचे नाव, वाढदिवसाची तारीख आणि कोणता केक दिला होता, हे लिहून ठेवा आणि पुढल्या वर्षी दहा दिवस आधी त्या घरी एक नम्र संदेश पाठवा. आणि भिशीला जाताना अख्खा केक नेऊ नका, दोन प्रकारांचे लहान तुकडे न्या. अख्खा केक नेला की तो भेट ठरतो आणि पुढच्या वेळीही फुकटच अपेक्षिला जातो.

खानापूरकर:
काकूंच्या पुठ्ठ्याच्या युक्तीला मी एक जोड देतो. आपल्या भागात पुष्कळ गिऱ्हाइके कन्नड बोलणारी आहेत, आणि केवळ मराठी संदेश फिरवणारा घरगुती व्यावसायिक त्या घरांना आपणहोऊन मुकतो. माझी पत्नी हा व्यवसाय पाहते. पहिल्यांदा कन्नडमध्ये नाव लिहायची मागणी आली तेव्हा तिने बटर पेपरच्या कोनाने स्टीलच्या ताटावर सायंकाळभर अक्षरे गिरवली. त्यातून कळले की ‘हुट्टुहब्बद शुभाशयगळु’ एवढा मजकूर अर्ध्या किलोच्या केकवर मावत नाही, म्हणून आता केकवर फक्त नाव येते आणि शुभेच्छा खालच्या पुठ्ठ्यावर जातात. दरपत्रकही दोन्ही भाषांत पाठवतो.

जैन आणि लिंगायत घरांतून अंड्याविषयी फार बारकाईने विचारणा होते. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याच ओव्हनमध्ये कधी अंड्याचा केक भाजता का? तुम्ही एगलेसच करता, तर हे ठळकपणे सांगा, कारण हीच तुमची खरी जमेची बाजू आहे आणि अंड्याचेही केक करणाऱ्या बेकरीला ते छातीठोकपणे सांगता येत नाही. तयार जेली किंवा सजावटीच्या गोळ्या वापरत असाल, तर त्यांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारा पदार्थ) नाही ना, हे पाकिटावर वाचून घ्या.

दुकानात ठेवण्याआधी अन्नसुरक्षेची (एफएसएसएआयची) नोंदणी मात्र करून घ्या. घरून विकणाऱ्यालाही ती लागतेच. छोट्या व्यवसायाची नोंदणी ऑनलाइन होते, वर्षाला १०० रुपये शुल्क पडते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तरीही क्रीमचा केक दुकानात ठेवू नये, असे माझे मत आहे. तिथे फ्रीज रात्री बंद होतो की चालू राहतो यावर आपला ताबा नसतो, आणि केक आंबला तर नाव आपलेच जाते. दुकानात ठेवायचेच असेल तर सुके कपकेक किंवा नानकटाई ठेवा.

टिळकवाडीचा खवय्या:
मी विकणारा नसून विकत घेणारा आहे. घरगुती केकवाल्यांना माझी एकच विनंती आहे की भाव उघड लिहावा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे वाचले की मी सरळ बेकरीत जातो, कारण विचारून नंतर नाही म्हणायला संकोच वाटतो. शिवाय गूगल नकाशावर नोंद करा. तिथे घरचा पत्ता न दाखवता केवळ तुम्ही कोणत्या भागात केक पोहोचवता तेवढे दाखवता येते. मुलीच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री मी तिथेच शोधतो, इन्स्टाग्रामवर नव्हे.

वडगावची पिठीसाखर:
सर्वांचे मनापासून आभार. जाहिरातीचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे आणि नोंदणीचा अर्ज काल रात्रीच भरला. काकू, तुम्ही म्हणालात तसा खर्च मांडून पाहिला, तर नात्यातल्या ऑर्डरींत मी केवळ माझी मेहनतच नव्हे, खोकासुद्धा फुकट देत होते असे दिसले. कडेला नंबर चिकटवलेला पहिला केक उद्या समोरच्या घरी मुंजीला जात आहे. त्यांनी भाव विचारला तेव्हा ३५० सांगताना आवाज थोडा कापला, पण त्यांनी काही न बोलता निम्मे पैसे आगाऊ दिले.